एका घरात पाच अडचणी असल्या की मदत नेमकी कुठून सुरू करायची?

"एवढ्या योजना, एवढ्या संस्था, तरी काही घरं गरिबीतून वर का येत नाहीत?" हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या बातमीवरून निघतोच आणि मग ठरलेलं भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते त्यांनाच काही करायचं नाहीये, दुसरी म्हणते सरकार काही देतच नाही. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात, कारण बऱ्याचदा मदत असते, माणसाची इच्छाही असते, पण ती मदत घरापर्यंत पोचेस्तोवर तिचं भलतंच काहीतरी होऊन बसतं. ते कसं होतं आणि सोशल वर्कर लोक त्यावर काय करतात, ते जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगतो.

आधी एक घर डोळ्यासमोर आणा

घर कल्पनेतलं आहे, पण कुठल्याही देशात सापडेल. बाई शिफ्टमध्ये काम करते, गेली तर त्या दिवसाचे पैसे, नाही गेली तर नाही. नवऱ्याची पाठ कामावर दुखावली, काम सुटलं, घरी बसून दारू वाढली. सासू हल्ली विसरायला लागलीये, गॅस चालू ठेवून झोपते, त्यामुळे तिला एकटं सोडता येत नाही, म्हणून चौदा वर्षांची मुलगी शाळा बुडवून घरी थांबते. धाकट्याला दमा. भाडं तीन महिने थकलंय.

आता शाळेतून चिठ्ठी येते, पालकांनी भेटायला या. बाई शाळेत गेली की शिफ्ट गेली, शिफ्ट गेली की भाडं अजून लांबलं, घरमालक दारात आला की नवरा जास्त पितो, रात्री आरडाओरडा होतो, त्यात धाकट्याचा दमा उसळतो, रात्र दवाखान्यात जाते आणि सकाळची शिफ्ट परत बुडते. यातली मूळ अडचण कुठली? शाळेच्या माणसाला विचाराल तर गैरहजेरी, डॉक्टरला विचाराल तर दमा, घरमालकाला विचाराल तर भाडं, आणि शेजाऱ्यांना विचाराल तर अर्थातच दारू.

समाजकार्यात अशा घराला बहुसमस्याग्रस्त कुटुंब म्हणतात, म्हणजे जिथे तीन-चार गंभीर अडचणी एकाच वेळी आहेत आणि त्या एकमेकींना खतपाणी घालतायत. नुसत्या संख्येपेक्षा हे एकमेकींना खतपाणी घालणं जास्त महत्त्वाचं आहे, तीन अडचणी सुट्या सुट्या असत्या तर बहुतेक घरं रडतखडत का होईना निभावून नेतात.

मदत बरोबर असूनही चुकते ती कशी

समजा एक माणूस पाच डॉक्टरांकडे गेला, पाचही जणांनी आपापली चिठ्ठी लिहून दिली आणि कोणीच दुसऱ्याची चिठ्ठी बघितली नाही. प्रत्येक औषध आपल्या जागी बरोबर, पण सगळी एकत्र घेतली की माणूस आडवा.

आपल्या घराचं असंच होतं. शाळा म्हणते मुलीला रोज पाठवा. व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं मंगळवारी अकरा वाजता नवरा-बायको दोघं या. घरकुलाचं ऑफिस म्हणतं मूळ कागद घेऊन या, तेही मंगळवारीच, कारण साहेब त्याच दिवशी बसतात. दवाखाना म्हणतो मुलाच्या खोलीत ओल नको. रोजगार केंद्र म्हणतं दोन महिने ट्रेनिंगला या. यातला एकही सल्ला चुकीचा नाहीये. पण सगळ्यांची बेरीज केली तर तो एक फुलटाइम जॉब होतो, बिनपगारी, आणि तो त्या बाईच्या डोक्यावर येतो जिच्याकडे मुळातच वेळ नाही. एक भेट चुकली की फाइलवर शेरा पडतो, "सहकार्य करत नाहीत". दोन-तीन शेरे झाले की पुढचा माणूस तो शेरा वाचूनच बोलायला सुरुवात करतो. (अशा फाइली वाचताना मला कायम वाटतं की यात ऑफिसच्या वेळेबद्दल एखादा शेरा का नसतो.)

लोकांना हे कळलं कधी?

बरंच आधी. अमेरिकेत १९१७ सालीच मेरी रिचमंड या बाईंनी मांडलं होतं की एखाद्या माणसाला मदत करायची तर त्याचं घर, नातेवाईक, शाळा, काम, शेजार अशी सगळीकडची माहिती जमवून मग ठरवा, एका अर्जावरून ठरवू नका. पुढे १९४८ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात वेगवेगळ्या संस्थांच्या नोंदी एकत्र करून बघितल्या तर दिसलं की शहरातल्या निम्म्याहून जास्त मदतसेवा सुमारे ६ टक्के कुटुंबांवरच खर्च होतायत. प्रत्येक संस्थेला वाटत होतं आपण एक वेगळी केस हाताळतोय, प्रत्यक्षात तीच घरं दारोदार फिरत होती.

या आकड्याचा उपयोग दोन्ही बाजूंनी झाला. काहींनी म्हटलं, चला, मदत एकत्र जोडूया. काहींनी म्हटलं, बघा, हीच ती घरं, ही सगळ्यांचा पैसा खातात. तेव्हापासून आजपर्यंत या विषयावरचं प्रत्येक सरकारी धोरण या दोन टोकांच्या मध्ये झोके घेत आलंय.

मग सोशल वर्कर नेमकं करते काय?

पहिली गोष्ट, ती सगळ्या चिठ्ठ्या एका टेबलावर आणते. याला केस मॅनेजमेंट म्हणतात: एका कुटुंबासाठी एक ठरलेली व्यक्ती, एकच प्लॅन, आणि बाकी सगळ्या ऑफिसांशी बोलायची जबाबदारी त्या व्यक्तीची. ऐकायला साधं वाटतं, करायला नाही.

पहिल्या भेटीत काय होतं ते बघा. चांगली वर्कर आल्या आल्या फॉर्म काढत नाही. ती विचारते, "ताई, सध्या सगळ्यात जास्त झोप कशाने उडते?" आणि उत्तर बहुतेक वेळा फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. फाइलमध्ये असतं मुलीची गैरहजेरी, आणि बाई सांगते कपाटातला खण. खण उघडला तर आत न उघडलेली पाकिटं. काही महिन्यांची. उघडायची हिंमत झालेली नसते, कारण प्रत्येक पाकिटात कोणीतरी काहीतरी मागत असणार हे तिला माहीत असतं. मग दोघी जमिनीवर बसून पाकिटं फोडतात आणि तीन ढीग करतात: ज्यात तारीख आहे ती, ज्यात पैशाचा विषय आहे ती, आणि सरळ फेकून द्यायची ती. तिसरा ढीग सगळ्यात मोठा निघतो, यानेच अर्धं ओझं उतरतं. तारखेच्या ढिगात एक नोटीस असते, शुक्रवारपर्यंत उत्तर दिलं नाही तर घर खाली करायची कारवाई. आणि पैशाच्या ढिगात एक पत्र असतं की सासूचा भत्ता बंद झालाय, कारण दर वर्षीचा फॉर्म परत आला नाही. म्हणजे भाडं थकायचं एक कारण याच खणात पडून होतं!

मग फोन. तो वर्करने स्वतःच्या मोबाइलवरून लावला तर काम पाच मिनिटांत होतं, पण ती तसं करत नाही. बाईच्याच फोनवरून, स्पीकर लावून, बाईनेच बोलायचं, वर्कर बाजूला बसून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवते: "हप्ते बांधून द्या म्हणा", "नाव विचारा", "लेखी पाठवा म्हणा". पलीकडच्याचं नाव आणि वेळ वहीत टिपून ठेवायची, कारण पुढच्या आठवड्यात दुसरा कोणीतरी फोन उचलणार आणि म्हणणार आमच्याकडे अशी काही नोंद नाही. वेळ जातो खरा, पण पुढचा फोन बाई एकटीने लावते.

यानंतर प्लॅन. तो कागदावर छोटा असतो आणि मुद्दाम असतो. आधी घर जाऊ द्यायचं नाही, मग सासूला दिवसा कोणीतरी बघणारं शोधायचं, ते झालं की मुलगी आपोआप शाळेत जायला लागते, तिला लेक्चर द्यावं लागत नाही. दारूचा विषय पहिल्या महिन्यात बहुधा कोणी काढतही नाही, पाठीचा इलाज आधी, कारण दुखणं कमी झाल्याशिवाय "पिऊ नका" हे वाक्य नुसतं हवेत जातं. अपवाद एकच, घरात कोणाच्या जिवाला धोका असेल, मारहाण होत असेल, तर ते सगळ्यात आधी, तिथे क्रम वगैरे काही नाही.

चिलीने हे काम देशपातळीवर करून बघितलं. २००२ मध्ये तिथे "पुएन्ते" नावाचा कार्यक्रम सुरू झाला (पुएन्ते म्हणजे पूल), सव्वादोन लाख सगळ्यात गरीब कुटुंबं हे टार्गेट, प्रत्येक घराला एक ठरलेला माणूस जो दोन वर्षं घरी येणार, आधी वारंवार, मग कमी कमी. घराने गाठायच्या ५३ गोष्टी ठरवल्या होत्या आणि त्या सात गटांत वाटल्या होत्या, आणि त्यातला एक अख्खा गट होता ओळखपत्रं आणि कागदपत्रं! ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यासाठी बाकीच्या योजना अस्तित्वातच नसतात. केरळने १ नोव्हेंबर २०२५ ला राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याचं जाहीर केलं, त्यामागेही हाच विचार होता: ६४,००६ कुटुंबं शोधली आणि प्रत्येकासाठी वेगळा मायक्रो-प्लॅन, कोणाला औषधं, कोणाला घर, कोणाला आधी रेशन कार्ड. त्या दाव्यावर अभ्यासकांनी शंकाही घेतल्या, निकष कुठले लावले वगैरे, तो वाद वेगळा, पण घरागणिक प्लॅन ही पद्धत समजून घ्यायला ते ताजं उदाहरण आहे.

"पण हे सगळं त्यांनी स्वतःच का नाही करायचं?"

रास्त प्रश्न आहे. पाकीट उघडायला काय लागतं?

२०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी दोनदा घेतली, तोडणीच्या आधी म्हणजे हात तंग असताना आणि तोडणीचे पैसे आल्यानंतर. माणूस तोच, पण तंगीत असताना त्याचे मार्क कमी. म्हणजे पैशाची काळजी डोक्यातली जागा खाऊन टाकते आणि फॉर्म भरणं, तारीख लक्षात ठेवणं, रागावर ताबा ठेवणं याला जागा उरत नाही. अशा एका अभ्यासावरून सगळं जग समजलं असं नाही, पण ज्याने एकदा तरी रात्रभर हॉस्पिटलच्या बाकावर बसून सकाळी बँकेचं काम करून बघितलंय त्याला हे पटायला अभ्यास लागणार नाही.

आणि दुसरं म्हणजे आपण स्वतः तरी कुठे एकटे करतो? आपला भाऊ वकील असतो, मैत्रीण दवाखान्यात ओळखीची असते, ऑफिसातला कोणीतरी टॅक्सचं बघून देतो. ज्या घरांबद्दल आपण बोलतोय त्यांचे सगळे ओळखीचे त्यांच्याइतकेच अडकलेले असतात. वर्कर बऱ्याच अंशी ही ओळखीची जागा भरून काढते.

"त्यापेक्षा सरळ पैसेच द्या ना"

इथे मी अर्धा सहमत आहे. तीन महिन्यांचं भाडं थकलंय तर त्यावर उपाय भाडं भरणं हाच आहे, त्याऐवजी "बजेट कसं करावं" असं समुपदेशन देणं म्हणजे थट्टा. पैसा नसलेली केसवर्क (वर्करचं हे घरोघरचं काम) ही गोड बोलून केलेली टोलवाटोलवी असते, आणि खूप ठिकाणी तेच चालतं: वर्कर आहे, पण तिच्या हातात ना भाड्याला निधी, ना पाळणाघराची जागा, ना व्यसनमुक्ती केंद्रात बेड. मग ती फक्त रेफर करत बसते, इथून तिथे आणि तिथून परत इथे.

पण नुसती वस्तू दिली की झालं असंही दिसत नाही. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने २००२ पासून अतिगरीब घरांसाठी एक पॅकेज काढलं: कमाईचं साधन (गाय, शेळ्या असं काही), सुरुवातीला खर्चापुरती थोडी रोख, बचत, आरोग्य, आणि नियमित घरी येणारा माणूस. सहा देशांत, दहा हजारांवर घरांमध्ये याची चाचणी झाली, भारतही त्यात होता, आणि २०१५ मध्ये निकाल आला की मदत संपल्यावर वर्षभरानेही घरांची स्थिती सुधारलेलीच होती. घानामध्ये काही घरांना मुद्दाम नुसत्या शेळ्या देऊन बघितल्या. पूर्ण पॅकेजएवढा परिणाम त्यात आला नाही. म्हणजे साधन आणि सोबत, दोन्ही लागतं.

"परक्या बाईने आमच्या घरात नाक का खुपसायचं?"

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो आणि बरेच लेख तो टाळतात. जी वर्कर मदतीला येते तीच उद्या अहवाल लिहू शकते. मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आला तर बहुतेक देशांत तिला कळवावंच लागतं. घरातल्यांना हे माहीत असतं, म्हणून ते तिच्यासमोर सगळं ठीक असल्याचं दाखवतात, आणि मग खरी अडचण कळत नाही. यावर एकच प्रामाणिक रस्ता आहे, पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायचं: काय गुप्त राहील, काय राहणार नाही, कोणत्या ऑफिसला काय सांगणार आणि त्यासाठी तुमची सही लागेल. जी वर्कर हे सांगत नाही तिच्यावर विश्वास न ठेवणारं कुटुंब बरोबरच वागतंय असं माझं मत.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात यावर एक छान तोड काढली. तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाची तक्रार होती की आमच्या मुलांचे निर्णय परके अधिकारी घेतात. तर आता मुलाबद्दल गंभीर निर्णय घ्यायचा असेल तर आजी, काका, मावशा अशी सगळी भावकी एकत्र बोलवतात, अधिकारी माहिती देतात आणि मग खोलीबाहेर जातात. घरचे आपापसात बोलून प्लॅन ठरवतात आणि मग तो अधिकाऱ्यांसमोर ठेवतात. फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स म्हणतात याला, पुढे बऱ्याच देशांनी ती उचलली. अधिकाऱ्यांनी बाहेर जाणं हाच त्यातला अवघड भाग आहे.

"बरं, पण याने फरक पडतो का?"

ब्रिटनची गोष्ट सांगतो, कारण त्यात आकडे कसे फसवतात ते छान दिसतं. ऑगस्ट २०११ मध्ये तिथे दंगली झाल्या, त्यानंतर सरकारने जाहीर केलं की १,२०,००० "ट्रबल्ड" (अडचणीत सापडलेल्या) कुटुंबांना मार्गावर आणणार. ४४.८ कोटी पौंड बाजूला काढले, आणि स्थानिक प्रशासनाला एका कुटुंबामागे ४,००० पौंडांपर्यंत पैसे, त्यातला काही भाग निकाल दाखवल्यावर. २०१५ मध्ये सरकार म्हणालं जवळपास ९९ टक्के कुटुंबं सुधारली.

९९ टक्के! कुठल्याही क्षेत्रात ९९ टक्के यश ऐकलं की खिसा सांभाळावा. २०१६ मध्ये स्वतंत्र मूल्यमापन प्रसिद्ध झालं, त्यात अशाच पण कार्यक्रमात नसलेल्या कुटुंबांशी तुलना केली होती, आणि ठोस असा परिणाम काही दिसला नाही. हे दोन्ही एकदम खरं कसं असू शकतं? कारण कुटुंब कार्यक्रमात येतं तेच मुळी त्याच्या सगळ्यात वाईट काळात. त्यातली बरीच वर्षभरात आपसूक थोडी सावरतात, मदत मिळो न मिळो. आधी-नंतर एवढंच मोजलं तर ते सगळं श्रेय कार्यक्रमाच्या खात्यात जमा होतं, आणि निकालावर पैसे ठेवले की कागदावर निकाल दाखवायची घाईही होते.

दुसरा टप्पा आणखी ४ लाख कुटुंबांसाठी होता आणि त्याचं मूल्यमापन जास्त नीट झालं. २०१९ च्या अहवालात दिसलं की कार्यक्रमात आल्यावर १९ ते २४ महिन्यांनी, सरकारी देखभालीत गेलेल्या मुलांचं प्रमाण तुलनेच्या कुटुंबांत २.५ टक्के होतं आणि कार्यक्रमातल्या कुटुंबांत १.७ टक्के. बातमीत हे "३२ टक्के घट" म्हणून येतं, आणि गणिताने ते बरोबरही आहे. पण शंभर मुलांमागे बघायला गेलं तर फरक एका मुलापेक्षा कमी. मला हा फरक छोटा वाटत नाही, मूल घरापासून तुटणं ही फार मोठी गोष्ट आहे, फक्त ३२ टक्के ऐकून डोळ्यासमोर जे चित्र येतं ते हे नाही. चिलीतही साधारण असंच निघालं, हक्काची सरकारी मदत पदरात पडायचं प्रमाण वाढलं, नोकरी आणि कमाईत तितका ठळक फरक नाही. वर्कर कागद मिळवून देऊ शकते, गावात काम नसेल तर ती काम कुठून आणणार?

एका वर्करकडे किती घरं?

कामाचा दर्जा इथेच ठरतो, बाकीच्या चर्चा नंतर. अमेरिकेत १९७४ मध्ये टॅकोमा शहरात होमबिल्डर्स नावाचा एक कार्यक्रम सुरू झाला. मूल घरातून काढायची वेळ आलेल्या कुटुंबांसाठी एक वर्कर, तिच्याकडे एका वेळी दोनच घरं, चोवीस तास फोन चालू, आणि मुदत चार ते सहा आठवडे. घरात जाऊन भांडीही घासतील, गाडीतून दवाखान्यातही नेतील. इतरांनी याची नक्कल केली तेव्हा नियम ढिले झाले आणि निकालही मिळमिळीत आले, इलिनॉय राज्यातल्या १९९४ च्या मोठ्या मूल्यमापनात तर मुलं घरातून काढायचं प्रमाण कमी झालेलं दिसलंच नाही. त्यामुळे नुसतं नाव ऐकून भुलू नये.

दोन घरं सगळीकडे परवडणार नाहीत हे उघड आहे. पण एकाच वर्करकडे ढीगभर केसेस दिल्या की होम व्हिजिट म्हणजे दारात उभं राहून सही घेणं इतकीच उरते, आणि वर्षभरात ती नोकरी सोडते. मग नवीन वर्कर येते आणि बाईला अख्खी कहाणी परत पहिल्यापासून सांगावी लागते, मारहाणीसकट. त्यानंतर ती तिसऱ्या वर्करला दार उघडत नाही.

आणि केस बंद कधी करायची?

अडचणी शून्य झाल्या की, असं उत्तर असेल तर कधीच नाही. नवरा परत पिऊ शकतो, सासूचं विसरणं वाढतच जाणार. बघायचं असतं ते हे, की पुढचं पाकीट आलं तर ते उघडलं जातंय का, फोन कोणाला लावायचा हे घरात दोघांना तरी माहीत आहे का, आणि वर्करशिवाय अडीनडीला धावून येईल असा एखादा माणूस, नातेवाईक, शेजारी, शाळेतल्या बाई, कोणीतरी तयार झालाय का. भेटी आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर न्यायच्या, एकदम तोडायच्या नाहीत. आणि सहा महिन्यांनी त्या बाईने परत फोन केला तर बऱ्याच कार्यक्रमांत त्याची नोंद "केस फेल" अशी होते, त्यामुळे वर्करला वाटतं फोन न आलेलाच बरा. खरं तर वेळेत फोन करणं हेच तिला शिकवलेलं असतं, त्यामुळे अशा फोनसाठी फॉर्ममध्ये वेगळा रकाना लागतो, आणि तो रकाना बहुतेक ठिकाणी अजून नाहीये.